पाचवा स्क्रू

२००४ साल, जानेवारीचा दुसरा आठवडा. दुपारचे तीन वाजले तरी धुकं खिडकीवरून हटलं नव्हतं. अशा वेळी मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन उस्तादांच्या घरी गेला. त्यांचा कॉम्प्युटर सारखा बंद पडत होता.

उस्ताद ऑक्टोबरातच वारले होते. कंपनीची मशीनरूम त्यांनी अठरा वर्षं सांभाळली. मिस्त्री त्यांच्या हाताखाली शिकला आणि आता त्यांच्याच खुर्चीवर बसत होता. त्यांच्या बायकोला तो वहिनी म्हणे.

कंपनीचा नियम असा की नोकरीतला माणूस गेला, तर त्याच्या बायकोला क्वार्टर आणखी पाच वर्षं ठेवता येई. मात्र नोंदीवर ठपका नको. उस्तादांच्या नोंदीवर तो होता. सहा वर्षांपूर्वी एका यंत्रात सुटा स्क्रू राहिला, ठिणगी पडली आणि अर्धी मशीनरूम जळाली. उस्तादांनी दोष निमूट आपल्या अंगावर घेतला. का घेतला, हे कोणी विचारलं नाही.

"माफीचा अर्ज आहे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पाचच्या आत द्यायचाय. नाहीतर सोमवारी माझं सामान रस्त्यावर. पण हे मेलं एका ओळीपुढे जाईल तर शपथ."

"हाताने लिहायचा."

"लिहिला होता. परत आला. छापील लागतो म्हणे. साहेबांचे डोळे नाजूक."

"यंत्र तापत असेल."

"असेल. यांना मात्र मी कधी तापलेलं पाहिलं नाही. तुमच्यावरसुद्धा नाही."

मिस्त्रीने मान वर केली. वहिनी खिडकीचा पडदा सारखा करत होत्या. हे बोलणं सहज होतं की मुद्दाम, काही कळेना.

उस्तादांची एक शिस्त होती. यंत्राचा डबा उघडला की त्याचे चार स्क्रू बाटलीच्या झाकणात ठेवायचे, एकेकाला टिचकी मारून. काम झाल्यावर मोजूनच परत लावायचे. तोंडाने म्हणायचं, 'चार निघाले, चार परतले.' मिस्त्रीचीही सवय तीच. त्याने चार स्क्रू काढले, झाकणात ठेवले. पंख्यातली धूळ फुंकली. रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासून पुन्हा बसवल्या. पॉवर सप्लाय आपल्याकडचा लावून पाहिला. खोट कुठेच नव्हती.

डबा बंद करायला त्याने झाकण पुढे ओढलं. झाकणात पाच स्क्रू होते.

पाचवा काळा पडलेला होता. डोकं एका बाजूने वितळलेलं. मिस्त्रीने तो लगेच ओळखला. आग विझल्यावर राखेतून त्यानेच तो उचलला होता आणि त्याच रात्री पुलावरून नदीत टाकला होता. सोबत कोणी नव्हतं.

"वहिनी, हा कुठून आला?"

"झाकण तुमचं, स्क्रू तुमचे. मला काय विचारता?"

मोरीत जाताना त्या पाठीमागून गेल्या होत्या खऱ्या. पण नदीच्या तळातला स्क्रू त्यांना कोण आणून देणार? मिस्त्रीने तो खिशात टाकला. चार लावले. यंत्र सुरू केलं.

"लिहा आता."

वहिनी लिहू लागल्या. खोलीत नुसती बटणांची टकटक. मिस्त्री मागे उभा राहून त्यांच्या बोटांवर डोळा ठेवून होता. 'माझ्या पतीच्या हातून झालेली चूक' एवढं उमटलं आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला.

पंखा थांबला. मग डब्याच्या आतून आवाज आला. टक्... टक्... टक्... टक्...

गरम पत्रा निवताना वाजतो, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. पण पत्रा मोजून वाजत नाही. तो श्वास धरून उभा राहिला. बऱ्याच वेळाने पाचवी टिचकी आली.

खोलीत राळेचा वास पसरला. तारा जोडायला डाग देताना उस्तादांच्या बोटांना यायचा तोच.

"तुम्ही कोणतं बटण दाबलंत?"

"मग तुम्हीच बसा ना, भाऊजी. माझ्यावर कशाला संशय?"

मिस्त्री बसला. आधी बाजारची यादी लिहिली, मग शंभरापर्यंत आकडे. यंत्र गुमान चाललं. मग त्याने ती ओळ लिहिली. पुन्हा 'चूक' या शब्दावर सगळं बंद.

त्याने डबा उघडला. स्क्रू एकेक करून झाकणात ठेवले. एक, दोन, तीन, चार. नजर हलवली नाही. फक्त एकदा पापणी लवली. पाच. खिसा चाचपला, तर रिकामा.

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते.

"यांनी जाताना मला काही सांगितलं नाही," वहिनी हळूच म्हणाल्या. "एवढंच म्हणाले, मिस्त्रीचं लेकरू तेव्हा लहान होतं... जाऊ दे."

आगीच्या वर्षी त्याची मुलगी दोन महिन्यांची होती. तेव्हा नोकरी गेली असती तर चूल विझली असती. आजही खुर्ची गेली तर काही सोपं नव्हतं.

त्याने डबा बंद केलाच नाही. उघड्या यंत्रासमोर तो बसला आणि दोन बोटांनी लिहू लागला. 'आगीच्या दिवशी शेवटचा डबा मी बंद केला. स्क्रू मोजले नाहीत. चूक माझ्या हातून झाली, उस्तादांच्या नाही.'

पंखा एका सुरात फिरत राहिला. कागद छापून आला. मिस्त्रीने सही केली. वहिनींनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"चला," त्या म्हणाल्या. "पाचला दार बंद करतात."

निघण्याआधी त्याने डबा लावला. झाकणात चारच स्क्रू होते.

ऑफिसातल्या कारकुनाने पाचला सात मिनिटं कमी असताना कागदावर शिक्का मारला. मशीनरूमची किल्ली काढायला मिस्त्रीने खिशात हात घातला, तर बोट आरपार गेलं. खिशाला स्क्रूच्या डोक्याएवढं भोक पडलं होतं. कडा जळलेल्या, अजून कोमट.

किल्ली दुसऱ्या खिशात होती. ती त्याने टेबलावर ठेवली.

शनिवारी वहिनींची क्वार्टर सोडण्याची नोटीस मागे घेतली गेली.