झटक्यात आलेलं शून्य

"मल्लप्पानं तक्रार केलीच नव्हती," व्यवस्थापक रावसाहेब म्हणाले. "चालू मशीनचं झाकण उघडलं, ही त्याचीच बेपरवाई. वाईट वाटतं. पण नोंद नाही म्हणजे नाही."

मल्लप्पाची मुलगी जगदेवी समोरच बसली होती. चिंचोळीतल्या याच टॉवेल कारखान्यात, ओला माल पिळायच्या मशीनवर तिचे अप्पा गेले. झाकणाचं कुलूप लागत नाही, संगणकावर तक्रार टाकलीय, हे त्यांनी तिला जेवताना सांगितलं होतं. माणूस मारून झाला, आता त्याला खोटाही ठरवत होते.

तिनं आणलेल्या गुप्तहेर बुद्धप्रिया सरवदे शांतपणे ऐकत होत्या. शेजारी त्यांचा सहायक दिपक.

"तुम्ही स्वतः शोधलंत?" बुद्धप्रियांनी विचारलं.

"तो गेला त्याच संध्याकाळी. चहा पिऊन झाला तरी शोध चालूच. अखेर शून्य."

बुद्धप्रियांनी संगणक सांभाळणाऱ्या मंजुनाथला तक्रारींत मल्लप्पाचं नाव शोधायला लावलं. कळ दाबताक्षणी पडद्यावर शून्य.

"आता मागच्या वर्षीचं एखादं बिल काढ."

पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. दिपकनं जांभई दिली. कधीतरी बिल आलं.

"हे का रखडलं रे?"

"तक्रारींची सूची हाय, बिलांची न्हाय," मंजुनाथ म्हणाला. "सूची नसली की संगणक एकेक कागद उघडून बघतोय."

"तक्रारींची सूची कधीची?"

"मल्लप्पाकाका गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची. आदली सूची त्याआधी आठवडाभर बिघडून बंदच होती. नव्या सूचीत जुने कागद भरणार होतो. सायेब म्हणाले, ऱ्हाऊ दे, संगणक अडकतोय."

"काम वेगानं व्हावं म्हणून म्हणालो," रावसाहेब फणकारले. "आत काय आहे, मला काय ठाऊक?"

"ठाऊक होतं," बुद्धप्रिया म्हणाल्या. "नव्या सूचीला जुने कागद माहीतच नाहीत, म्हणून आज झटक्यात शून्य आलं. कागद मात्र जागेवरच आहेत."

"मग साहेबांनाही शून्यच दिसलं असेल की," दिपक म्हणाला.

"शोध चालू असतानाच त्यांचा चहा संपला, दिपक. त्या संध्याकाळी सूची नव्हतीच. संगणकानं एकूण एक कागद उघडला. असा शोध रखडतो, पण काही सोडत नाही. तक्रार यांना सापडली. म्हणूनच दुसऱ्या दिवशी नव्या सूचीत जुनं भरू दिलं नाही."

"पुसूनच का नाही टाकली?" दिपकनं विचारलं.

"पुसलं की पुसणाऱ्याचं नाव मागं राहतं. मंजुनाथ, सूची बाजूला ठेवून शोध."

चक्र फिरू लागलं. मग एक तक्रार आली. दुसरी. तिसरी. तिन्ही मल्लप्पाच्या, तिन्ही त्याच झाकणाच्या.

रावसाहेबांचा आवाज उतरला. "हे बघ पोरी, आपण बसून बोलू."

"पोरी म्हणू नका." जगदेवी उठली. बाहेर कामगारांची पाळी सुटत होती. तिनं दार सताड उघडलं. "सगळ्यांसमोर अप्पांना बेपरवा म्हणालात ना? आता सगळ्यांसमोर वाचा. तिन्ही. मोठ्यानं."




रावसाहेब जागचे हलले नाहीत. तीही दारातून हलली नाही.