तिसऱ्या मजल्यावरच्या तीन हाका

ही गोष्ट खरी आहे. मुलीची शपथ घेऊन सांगितलं असतं, पण आता तेवढी हिंमत होत नाही.

मंगळवार होता. भर दुपार, सव्वातीन.

शंभर वर्षांची दगडी इमारत. वारसा म्हणून दर्शनी भिंत तेवढी राखायची, मागचं पाडून हॉटेल बांधायचं. मी तिथला सुपरवायझर. पाडण्याआधी प्रत्येक दारात तीन हाका मारायच्या, उत्तर आलं नाही की खडूने 'रिकामी' लिहायचं, ही आमची पद्धत.

तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक म्हातारी अडून बसली होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. ठार बहिरी. सहा महिने तिने आमच्या नाकी नऊ आणले होते.

दार किलकिलं होतं. आत ती दिसली... पाठमोरी, मशीनवर वाकलेली.

"मावशी, आहात का?"

तीन हाका. मोजून.

मशीन चालूच राहिलं.

मी 'रिकामी' लिहिलं आणि बाहेरून कडी घातली. खोटं कशाला बोलू, हसूही आलं.

खाली ठेकेदाराने विचारलं, "वर कोणी?"

"चिटपाखरू नाही."

त्याच दिवशी मागचा भाग पाडला. ढिगाऱ्यात तिचं चेपलेलं मशीन सापडलं. मावशी... कुठेच नाही.

"गेली असेल भाच्याकडे," ठेकेदार म्हणाला. मी मान डोलावली.

वर्षभराने हॉटेलचं उद्घाटन झालं. बायकोला आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो. जो तो जुन्या भिंतीचं कौतुक करत होता.

मुलीने त्या भिंतीला कान लावला.

"बाबा, आत कोणीतरी शिवतंय."

"काहीतरीच तुझं! चल."

मग मलाही ऐकू आलं... टकटक... टकटक...

एकदम थांबलं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, मोठ्याने बोल ना."

चार डॉक्टर झाले. कानांत दोष नाही म्हणतात. पोरीला ढिम्म ऐकू येत नाही.

आज सकाळी मुलगी आत झोपली होती. बायको स्वयंपाकघरात धाय मोकलून रडली. "आपण कोणाचं काय वाकडं केलं होतं हो?"



मुलीच्या बंद खोलीतून आवाज आला... म्हातारा, घोगरा.

"हळू रड गं. मला आता ऐकू येतं."

बायको विचारतेय, आत कोण आहे?

मुलगी आतच आहे. मी अजून दार उघडलेलं नाही.