खर्रफिस कुणाचं?

"बंद करा! आधी बंद करा ते!" आत्यानं हातातला रंधा फळीवर आपटला. "सकाळपासून तेच एक सिनेमातलं गाणं! आणि काय गं पिपाणे, तू नाकातून का गातेस? सर्दी झालीय का तुला?"

डब्यानं रंगाच्या रिकाम्या डब्यांवरचे हात झटकन उचलले. प्रोफेसरच्या तोंडातला माउथ ऑर्गन 'पींऽऽ' करून गप्प झाला.

"सर्दी नाही काही!" पिपाणी फणकारली. "ती गायिका तसंच गाते!"

"मग तिला गाऊ दे की. तिचं गाणं ती गातेय, तुमचं कोण गाणार?"

एवढं बोलून आत्या पुन्हा कामाला लागली. पिपाणीची ही आत्या सुतार होती. तिच्या कारखान्यात खुर्च्या, कपाटं, शाळेची बाकं तयार व्हायची, आणि सुट्टी लागली की मागच्या कोपऱ्यात या चौघांचा बँड वाजायचा. पिपाणी गायची. तिच्या बारीक, टोकदार आवाजावरूनच तिला हे नाव पडलं होतं. दिसेल तो डबा बडवणारा डबा ताल धरायचा. प्रोफेसरला जाड भिंगाचा चष्मा होता आणि प्रत्येक गोष्ट वहीत टिपायची सवय होती. आणि पिपाणीची सात वर्षांची बहीण गोटी टाळ्या वाजवायची, तीही बहुतेक वेळा चुकीच्या जागी.

"आपलं गाणं म्हणजे?" डब्यानं विचारलं. "कशावर करायचं?"

"माझी चप्पल हरवलीय, त्याच्यावर करा!" गोटी म्हणाली.

सगळे खो खो हसले. पण प्रोफेसरनं वही उघडली होती!

गाणं जमायला अकरा दिवस लागले. एक ओळ सोडली तर शब्द चटकन झाले, अडलं ते पिपाणीपाशी. दुसऱ्याचं गाणं ती छातीठोकपणे गायची, पण स्वतःची ओळ आली की मधेच थांबायची. वाटायचं, कुणी हसलं तर? सिनेमातलं गाणं वाईट असलं तर दोष सिनेमाचा. हे वाईट असलं तर थेट आपलाच!

"असं कर," शेवटी आत्याच म्हणाली, "त्या कपाटात तोंड घाल आणि गा. आत कुणी नाहीये."

पिपाणीनं नव्या, अजून दारं न लावलेल्या कपाटात डोकं खुपसलं आणि डोळे मिटून सूर लावला. लाकडात घुमून आवाज परत आला. तो नाकातला नव्हता, गायिकेचाही नव्हता. थोडा खरखरीत होता, पण तिचा होता! त्याच वेळी आत्याचा रंधा फळीवरून सरकला, 'खर्रर्र-फिस!' आणि अडलेली ओळ पूर्ण झाली:

डावी चप्पल दारामागं, उजवी कुठं गेली?
खर्रफिस, खर्रफिस, धावाधाव झाली!

आत्याच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर त्यांनी गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि कॅसेट पाठवून दिली रेडिओकाकांना. रेडिओकाका म्हणजे दर रविवारी सकाळी मुलांचा कार्यक्रम सादर करणारे, मधाळ आवाजाचे, सगळ्या मुलांचे लाडके! आठवड्यानं कार्ड आलं. 'प्रयत्न बरा आहे. सराव चालू ठेवा.'

"बरा?" डब्याचं तोंड पडलं.

"ते मोठे आहेत. त्यांना कळतं," पिपाणी हळूच म्हणाली. त्या दिवशी कुणीच वाजवलं नाही.

पुढच्या रविवारी कारखान्यातला रेडिओ नेहमीसारखा चालू होता. रेडिओकाका म्हणाले, "आणि आता, बालमित्रांनो, मी तुमच्यासाठी स्वतः रचलेलं एक नवंकोरं गाणं!"

पेटी वाजली. तबला वाजला. आणि मधाळ आवाज गाऊ लागला, "डावी चप्पल दारामागं..."

डब्याच्या हातातली काठी खाली पडली.

"हे आपलं आहे!" गोटी किंचाळली. "माझी चप्पल आहे ती!"

"शूऽऽ!" प्रोफेसरनं रेडिओला कान लावला. गाणं संपलं आणि रेडिओकाका सांगू लागले, "तुम्ही विचाराल, खर्रफिस म्हणजे काय? हा एक फार जुना शब्द आहे बरं का! त्याचा अर्थ, आनंदाची लहर!"

"आनंदाची लहर?" आत्या उसळली. "अहो, रंधा आहे तो! माझा रंधा!"

पिपाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांचं एक अक्षर खोटं मानलं नव्हतं, त्यांनीच! आणि वर 'प्रयत्न बरा आहे' म्हणून कार्ड!

दुसऱ्या दिवशी चौघं थेट रेडिओ केंद्रावर धडकले. लांबलचक बोळ, जमिनीवर आवाज गिळणारी जाड सतरंजी, आणि टोकाला केंद्रप्रमुख बाईंची खोली. बाई एकीकडे फोनवर बोलत होत्या, एकीकडे कागदांवर सह्या करत होत्या. त्यांनी प्रोफेसरची वही उलटसुलट केली.

"यात तारीख आहे, मॅडम," प्रोफेसर म्हणाला. "गाणं कधी केलं त्याची."

"तारीख काय, आजही लिहिता येते, बाळ."

"पण कॅसेट तुमच्याकडेच आली होती!" पिपाणी म्हणाली. "तेवढी एकच होती. तुम्ही शोधा ना!"

"हे बघा, काका गेली वीस वर्षं इथं आहेत. आणि खरं सांगू? इतकी गोड चाल मुलांना सुचत नसते." बाई हसल्या. "काकांसोबत फोटो हवाय का? बोलावू?"

"नको!" चौघं एकदमच ओरडले.

बाहेर पायरीवर बसून पिपाणी रडली. राग अनावर झाला की तिला रडू यायचं आणि रडू आलं म्हणून आणखी राग यायचा. "मुलांना सुचत नसते म्हणे! यांना काय ठाऊक? यांनी ऐकलं तरी का आपलं?"

"एकदा चोरलं, म्हणजे ते पुन्हा चोरतील," प्रोफेसर चष्मा पुसत म्हणाला. "चोरू दे त्यांना. पण या वेळी गाणं असं करू, की तेच साक्ष देईल."

"गाणं कशी साक्ष देईल?"

प्रोफेसर पिपाणीच्या कानात काहीतरी पुटपुटला. तिचे डोळे चमकले. मग तिनं डब्याला सांगितलं, डब्यानं गोटीला सांगितलं, आणि गोटी इतकी हसली की पायरीवरून घसरलीच.

आत्याची मात्र एक अट होती. "खोटं बोलायचं नाही. आणि गाणं भिकार करायचं नाही. सापळा आहे म्हणून वाटेल ते खरडाल, तर माझा टेपरेकॉर्डर मिळणार नाही."

मग काय! तीन दिवस चौघं जेवणसुद्धा विसरले. शब्द बसवले, मोडले, पुन्हा बसवले. चाल पिपाणीनं केली. या वेळी तिला कपाट लागलं नाही. शेवटी रेडिओकाकांनी कधीच न ऐकलेल्या आवाजात, म्हणजे गोटीच्या आवाजात, गाणं ध्वनिमुद्रित झालं आणि सोबत नीट लिहिलेला कागद गेला. खाली सही, 'तुमची एक छोटी श्रोती.' यात खोटं काहीच नव्हतं!

हीच खिडकी, हाच वारा,
चोच उघडून बसलं पाखरू,
रीळ दोऱ्याचं गडगडत गेलं,
आता त्याला कसं आवरू?
हेलकावत ये रे वाऱ्या, दोघं मिळून धरू!

कार्ड आलं. 'प्रयत्न बरा आहे. सराव चालू ठेवा.' आणि त्याच शनिवारी रेडिओवर घोषणा झाली, 'उद्या ऐका रेडिओकाकांचं आणखी एक नवं गाणं, थेट स्टुडिओतून!'

"अडकले!" डब्यानं डब्यावर दणका दिला.

थेट कार्यक्रमाला वीस मुलांना स्टुडिओत बसू द्यायचे. चौघं पहाटेपासून फाटकाशी उभे राहिले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या, मधे लोंबणारा मायक्रोफोन, समोर मोठी काच. काचेपलीकडे यंत्रं चालवणारे तंत्रज्ञ आणि त्यांच्या मागे चहा पीत उभ्या केंद्रप्रमुख बाई. दारावरचा लाल दिवा लागला. म्हणजे आता प्रत्येक शब्द घराघरांत ऐकू जाणार!

रेडिओकाकांनी गाणं गायलं. छान गायलं, हे पिपाणीला कबूल करावं लागलं आणि त्यामुळे ती आणखीच चिडली.

"आता कुणाला काही विचारायचंय?" काकांनी मधाळ आवाजात विचारलं.

पिपाणी उठली. "काका, हे गाणं तुम्हीच लिहिलं?"

"अर्थात, बाळ!"

"सगळं? प्रत्येक शब्द?"

"शब्दच काय, प्रत्येक अक्षर माझं!" काका हसले.

"मग प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर वाचून दाखवता? सगळ्यांना ऐकू जाईल असं?"

"वा! काहीतरी खेळ दिसतोय!" काकांनी कौतुकानं समोरचा कागद उचलला. "ही... चो... री... आ..."

आवाज तुटला. काकांनी कागद झटकन पालथा घातला.

"हे!" गोटी बाकावर उभी राहून ओरडली. "शेवटचं 'हे' राहिलं! ही चोरी आहे!"

एकच गलका झाला. काका दिवा बंद करायच्या खुणा करू लागले. तंत्रज्ञांचा हात बटणाकडे गेला, पण केंद्रप्रमुख बाईंनी तो धरला. चहाचा कप खाली ठेवून त्या तरातरा आत आल्या.

"काका, हे अक्षरन् अक्षर तुमचं ना?" त्यांनी विचारलं. "मग स्वतःच्याच गाण्यात हे का लिहिलंत?"

"मुलांची गाणी... तशीही कोण ऐकतं?" काका कसेबसे म्हणाले. "मी निदान ती लोकांपर्यंत..."

"आमचं नाव का नाही मग पोचवलं?" पिपाणीचा आवाज मायक्रोफोनमधून खणखणला. "आम्हाला 'बरा आहे' म्हणालात! आम्ही वाजवणं सोडून देणार होतो! तुमच्यामुळे!"

काका मान खाली घालून बाहेर गेले. बाईंनी त्यांचं कपाट उघडायला लावलं, तेव्हा आत मुलांच्या कॅसेटचा ढीग सापडला. डब्याच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली एक कॅसेटही त्यातच होती. बाईंनी ती उचलून घेतली.

"चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात तेव्हा मी एक कपाट उघडायचे कष्ट घेतले नाहीत. यातलं प्रत्येक गाणं आता त्या त्या मुलाच्या नावानं वाजेल. आणि तुमची दोन्ही आत्ता, तुमच्याच आवाजात!"

लाल दिवा पुन्हा लागला. डब्याला कुणीतरी बिस्किटांचे दोन रिकामे डबे आणून दिले. पिपाणीनं एकदा काचेकडे पाहिलं, मग काचेकडे बघायचं सोडून दिलं आणि गायली.

तोवर रेडिओवर ऐकून बाहेर बोळात आईबाबा, शेजारी, शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळे जमले होते. "काय डोकं चालवलंत!" "शाबास!" "गुप्तहेरच की!" पाठीवर थापा पडत होत्या. प्रोफेसर लाजून लाल झाला. पण पिपाणीच्या कपाळावरची आठी काही जाईना.

"आता काय झालं गं?" आईनं विचारलं.

"सगळे डोक्याचं कौतुक करतायत!" पिपाणी तडतडली. "कसं पकडलं, कसं पकडलं! गाणं कसं होतं ते कुणी सांगेल का?"

तेवढ्यात कपड्यांवरचा भुसाही न झटकता आलेली आत्या गर्दीतून पुढे सरकली.

"चप्पलवालं पुन्हा म्हणा बघू," ती भिंतीला टेकत म्हणाली. "येताना दुकानांतल्या रेडिओवर ऐकत आले, पण गाड्यांच्या आवाजात मधलं कडवं माझं ऐकायचं राहिलं."

पिपाणीनं डब्याकडे पाहिलं. डब्यानं बोळातल्या लाकडी बाकावर ताल धरला.