उजव्या हातातलं घड्याळ

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर शेवट तरी बरा केला असता.

जे घडलं ते दोह्यात, अल मन्सूरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये. रात्र नव्हती, लाइट गेली नव्हती, कुत्रं रडत नव्हतं. शुक्रवारची भर दुपार होती आणि खालच्या हॉटेलातून बिर्याणीचा वास येत होता.

मी साजिदा. माहेर रत्नागिरीचं. नवरा युसुफ एसी मेंटेनन्सच्या कंपनीत सुपरवायझर. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, घरात अरे-तुरे. मुलगी अनम पहिलीत. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. सगळ्या घरांत हेच चालतं.

मला चित्रांचं वेड. आधी वॉटरकलर झाले, मग कोळसा, मग गेल्या हिवाळ्यात लिनो. लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या शीटच्या, जाड तुकड्यावर चित्र कोरायचं, रोलरने शाई लावायची, वर कागद ठेवून घासायचा. घासायला मी भाताचा डाव घेते. "आज भातात निळा रंग आहे का?" युसुफ रोज विचारायचा. त्याला वाटायचं, फार मोठा विनोद केला.

एक गोष्ट मात्र मी कधी काढली नाही. चेहरा.

माझ्या अम्मीला घरात माणसांचे चेहरे टांगलेले आवडत नाहीत. लहानपणापासून ऐकलेलं हाताला लागून जातं. मी कोळी काढले, भाजीवाल्या काढल्या, सगळे पाठमोरे.

माझी मैत्रीण लवीना मला यावरून छळायची. ती वसईची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. शनिवारी आम्ही दोघी तिच्या अल सद्दच्या घरी बसून प्रिंट काढायचो.

"अगं, तुझी माणसं सगळी रुसलेली का? एकाला तरी वळव की इकडे!"

शेवटी मी मधला मार्ग काढला. माणूस समोरून काढायचा, पण चेहऱ्याची जागा कोरी ठेवायची. म्हणजे अम्मीही खूश, लवीनाही खूश.

युसुफचा एक फोटो होता माझ्याकडे. समुद्राकाठी कॉर्निशवर, मागे लाकडी होड्या, हा कठड्याला टेकून हसतोय. तो मी कार्बन पेपरने लिनोवर उतरवला. डोळे, नाक, ओठ, सगळं.

लिनोमध्ये जो भाग खोदून काढाल तो कागदावर पांढरा राहतो. म्हणून मी कोरणी घेतली आणि युसुफचा चेहरा खोदून काढला. नीट, खोल. नारळ खवावा तसा.

एक गोष्ट विसरले. लिनोवरचं चित्र कागदावर उलटं येतं, म्हणून फोटो आधीच उलटा करून घ्यायचा असतो. पहिली प्रिंट काढली तर युसुफचं घड्याळ उजव्या हातात.

"मी या हातात कधी घालतो गं?" तो हसला.

मीही हसले. प्रिंट बाल्कनीतल्या दोरीवर अडकवली.

चेहरा पांढराच होता. फक्त एका जागी... एक बारीक भुवई आली होती.

शाई पसरली असेल म्हणून मी लिनोच्या खड्ड्यात बोट फिरवलं. खड्डा कोरडा होता. शाईचा थेंब नाही.

त्या संध्याकाळी युसुफचा फोन उघडेना. चेहरा समोर धरला की स्क्रीन हलायची आणि पुन्हा लॉक व्हायची. "म्हातारा झालो वाटतं," तो म्हणाला आणि नंबर टाकून फोन उघडला.

मी दुसरी प्रिंट काढली.

डोळे आले...

युसुफच्या डाव्या भुवईत एक चीर आहे, शाळेत बॉल लागला होता त्याची. ती चीरसुद्धा आली होती. उजव्या भुवईत.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. आनंद झाला. इतकं जिवंत काही माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं. मी लवीनाला फोटो पाठवला.

"लबाड!" तिचा आवाज आला फोनवर. "म्हणे मी चेहरे काढत नाही!"

मी फोन ठेवला. तिसरी प्रिंट काढली. आता ओठ होते, हसू होतं, गालावरची खळी होती. दोरीवरून माझा नवरा माझ्याकडे बघत होता आणि मी खुळ्यासारखी त्याच्याकडे.

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या हजेरीच्या मशिनने युसुफला ओळखायचं बंद केलं. एचआरवाले म्हणाले, मशिन ठीक आहे, बाकी सगळ्यांचं होतंय. नंतर एकदा खालच्या दुकानात गेलो. दुकानदार अश्फाक आम्हाला वर्षानुवर्षं ओळखतो. त्याने मला सलाम केला, युसुफकडे पाहिलं आणि विचारलं, "भाभी, मेहमान आए हैं?"

युसुफला वाटलं, मस्करी करतोय. पण अश्फाक मस्करी करणारा माणूस नाही.

मग अनम...

ती शाळेतून आली. युसुफ सोफ्यावर बसला होता. ती दारातच थांबली आणि माझ्या ओढणीचा कोपरा धरला.

"मम्मा, हू इज दॅट अंकल?"

युसुफ उठून उभा राहिला. "अनू, अब्बू आहे मी."

ती रडत माझ्यामागे लपली. त्याने तिच्यासाठी आणलेलं चॉकलेट टेबलावर ठेवलं आणि बाथरूममध्ये गेला. बराच वेळ नळ चालू होता.

आणि मी? मी ओळखत होते का?

त्याच्याकडे बघत असले की चेहरा असायचा. नाक, डोळे, सगळं जागच्या जागी. पण मान वळवली की आठवायचा नाही. पुन्हा बघितलं की क्षणभर वाटायचं, हा कोण? मग तो बोलला की ओळख पटायची. तो विचारायचा, "साजू, तुला तरी दिसतो ना मी?"

"वेडा झालायस का," मी म्हणायचे. साफ खोटं बोलायचे.

शेवटी अम्मीला फोन केला. सगळं सांगितलं. मागे तिच्या अंगणातले कावळे ऐकू येत होते.

"ता घरात ठेवू नको, साजू. आताच्या आता टाक."

मी लिनोचा तुकडा पिशवीत घातला आणि खालच्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकून आले. प्रिंट मात्र टाकवल्या नाहीत. कशा टाकणार? युसुफचा चेहरा आता फक्त तिथेच होता. मोबाइलमधल्या फोटोंतसुद्धा तो मला कुणी परका वाटायचा.

मग तो शुक्रवार आला.

युसुफ जुम्याच्या नमाजाला गेला नाही. आदल्या आठवड्यात मशिदीत शेजारच्या रांगेत बसणाऱ्या ओळखीच्या माणसाने त्याला "नये आए हो?" विचारलं होतं. तो आतल्या खोलीत दार लोटून पडला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

बेल वाजली...

मी दार उघडलं.

दारात युसुफ उभा होता.

चेहरा लख्ख. डोळे, हसू, गालावरची खळी. किती दिवसांनी तो चेहरा बघत होते! सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला रडूच आलं. आनंदाने.

"चावी विसरलो," तो म्हणाला.

आवाज युसुफचाच.

अनम धावत आली. "अब्बू!" ती त्याच्या कमरेला बिलगली. त्याने तिला उचललं, गालाला गाल लावला. तिच्या पाठीवरून फिरणाऱ्या त्याच्या हाताकडे माझं लक्ष गेलं...

घड्याळ उजव्या हातात होतं.

मी वर पाहिलं. चीर उजव्या भुवईत होती.

आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली.

"साजू... कोण आलंय?"

दारातला माणूस ते ऐकून थांबला नाही. चपला काढल्या, रोजच्या उलट बाजूला ठेवल्या आणि आत येऊन सोफ्यावर बसला. मी बाल्कनीत गेले. दोरीवर तिन्ही प्रिंट होत्या. होड्या होत्या, कठडा होता, घड्याळ होतं. चेहऱ्यांच्या जागी कोरा, पांढरा कागद.

मी खाली धावले. कचऱ्याचा डबा केव्हाच रिकामा झाला होता.

तेव्हापासून तो इथेच आहे. त्याचा चेहरा बघून फोन उघडतो. हजेरीचं मशिन त्याला घेतं. अश्फाक त्याला सलाम करतो, सासूबाई व्हिडिओवर त्याच्याशी तास तास बोलतात. वाईट वागत नाही तो. अनमचा अभ्यास घेतो, मला चहा करून देतो. कप डाव्या हाताने पुढे करतो, एवढंच.

मी लवीनाला सांगितलं. ती घरी आली, त्याच्याशी गप्पा मारल्या, जाताना माझा हात दाबून म्हणाली, "तू थकलीयेस गं. थोडे दिवस गावी जाऊन ये."

गावी कशी जाऊ? आतल्या खोलीत माझा नवरा आहे.

आधी तो बाहेर यायचा, भांडायचा, "मी कोण आहे ते सांग त्याला," म्हणून माझ्यावर ओरडायचा. अनम किंचाळायची. मग त्याने बाहेर येणं सोडलं. मग बोलणं कमी झालं. दार उघडलं की पलंगाच्या कडेला कुणीतरी बसलेलं असतं. मी ताट ठेवते. "जेव रे," म्हणते. कधी उत्तर येतं, कधी नाही.

लिनोचा नवा तुकडा आणला मी. फोटो समोर ठेवला, या वेळी आधी नीट उलटा करून घ्यायला. पण कोरणार काय? मूळ फोटोतलंच घड्याळ आता उजव्या हातात आहे.

रोज मी चार ताटं वाढते. एक अनमचं, एक माझं, एक त्याचं, आणि एक आतल्या खोलीतलं.

काल जेवणं झाली. भांडी घासली, ओटा पुसला. ताटं फडताळात लावताना लक्षात आलं...

मी तीनच वाढली होती.

तशीच पळत आतल्या खोलीत गेले. पलंगाची चादर सपाट होती. हाक मारायला तोंड उघडलं. बाहेर हॉलमध्ये युसुफ अनमला गोष्ट सांगत होता, ती खदखदून हसत होती.

आणि मला आठवेना, या खोलीत मी कुणाला हाक मारायला आले होते.

आज आठवलंय. म्हणून आजच लिहून टाकलं.