बिनचिठ्ठीचे बूट

माझी मावशी भुताखेतांच्या गोष्टींना हसायची. म्हणून तिने स्वतःची ही गोष्ट सांगितली, तेव्हा मला हसू आलं नाही. तिखटमीठ लावून बोलणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने जसं सांगितलं, तसंच सांगतो.

युद्धाचा तिसरा हिवाळा होता. स्टेशनमागच्या गोदामात लष्कराचे बूट दुरुस्त व्हायचे. मावशी तेव्हा एकोणीस वर्षांची, तिथे टाचा ठोकायची. हात असा सराईत, की मुकादमाला नावं ठेवायला जागा शोधावी लागायची. तो ती शोधायचाच, ही गोष्ट वेगळी.

आघाडीवरून पोती भरून बूट यायचे. जखमी शिपायांच्या बुटांना नावाची चिठ्ठी बांधलेली असायची.

काही जोड बिनचिठ्ठीचे असायचे...

त्यांच्याबद्दल कुणी विचारायचं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

जुनी टाच उचकटायची, शेगडीत टाकायची, नवी ठोकायची. शनिवारी गाडी भरली की बूट निघाले दुसऱ्या कुणाच्या तरी पायात.

त्या मंगळवारी सकाळी तिने पोत्यातून एक बिनचिठ्ठीचा जोड काढला. उलटा केला...

आणि हातोडी हातातच राहिली.

उजवी टाच बाहेरच्या अंगाने झिजून पार तिरकी झाली होती. असं चालणारा एकच माणूस तिला माहीत होता. गल्लीतली पोरं त्याला बदक्या म्हणायची. पाय बाहेर टाकत, उजवा जरा फरफटत चालायचा बिचारा. आणि मावशीचा त्याच्यावर जीव होता. हे त्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, कारण घरच्यांनी तिचं लग्न भलतीकडेच ठरवून टाकलं होतं.

तो आघाडीवर निघाला तेव्हा त्याच्या बुटांना टाचा तिनेच ठोकल्या होत्या. टाचेला सहा खिळे लागतात. तिने उजवीत सातवा ठोकला, बरोबर मधोमध. "हा माझा," असं म्हणाली होती.

तिने अंगठ्याने चिखल पुसला.

सात होते.

तेवढ्यात मुकादम पाठीशी येऊन उभा राहिला. हात का थांबला, म्हणाला. सांगावं तर पहिला प्रश्न हाच येणार, की तुला गं कसं कळलं? तिने दात आवळले. टाच उचकटली, शेगडीत टाकली आणि नवी ठोकली. मोजून सहा खिळे.

घरी जाताना ती नेहमीची वाट सोडून मागच्या बोळाने गेली. कारण शेजारच्या काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, पंधरा दिवसांपूर्वी कागद आला होता. तुमचा मुलगा तुकडीत हजर नाही, पळून गेल्याचा संशय आहे. घराची दोनदा झडती झाली. नळावर बायका काकूंना पाहून तोंड फिरवायच्या. पळपुट्याची आई, असं मागून कुजबुजायच्या.

तो पळाला नव्हता. तो मेला होता. आणि हे फक्त मावशीला माहीत होतं.

तरी ती गप्प बसली.

बुधवारी सकाळी ती कामावर आली. फळीवर ठेवलेला जोड तिने सहज उलटा केला...

नवी टाच बाहेरून झिजली होती. महिनोन्‌महिने चालल्यासारखी.

मुकादम म्हणाला, काम न करताच बूट फळीवर ठेवतेस होय? डोळ्यांत धूळ फेकतेस? तिने टाच बदलली.

गुरुवारी पुन्हा तेच.

तिने पुन्हा बदलली. जुनी शेगडीत.

शुक्रवारी टाच तिरकी तर होतीच...

पण खिळे सात होते.

तिने सातवा ठोकला नव्हता. देवाशपथ नव्हता, असं तिने मला दोनदा सांगितलं. त्या दिवशी ती इतकी घाबरली, की नीट पाहिलंसुद्धा नाही. टाच ओढून काढली, सहा खिळ्यांनी नवी ठोकली आणि जुनी जळेपर्यंत शेगडीपुढून हलली नाही.

दुपारी नळावर काकू भेटल्या. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांनी मावशीला बाजूला ओढलं आणि कानात सांगितलं, की तो येतो. मंगळवारपासून रोज येतो. दिवे लावून पडदे ओढले, की गल्लीत त्याची पावलं वाजतात. दारापर्यंत येतो, थांबतो, परत जातो. पोलिसांच्या भीतीने आत येत नाही एवढंच.

"टक... फर्र," काकू म्हणाल्या. "आईला ओळखू येणार नाही होय?"

मावशीने भरलेली घागर तिथेच सोडली. आता मात्र गप्प बसणं पाप होतं. लग्न मोडू दे, बाप घराबाहेर काढू दे, पण या माऊलीला खोट्या आशेवर झुलवायचं नाही. शनिवारची गाडी भरायच्या आत, त्याच दिवशी काम सुटताना तिने तो जोड शालीखाली घेतला आणि संध्याकाळी काकूंच्या दारात उभी राहिली.

काकूंनी तिला आत घेतलं, पडदा ओढला, कडी मात्र काढूनच ठेवली.

दोघी बसल्या. बूट मावशीच्या मांडीवर, शालीखाली.

गल्ली चिडीचूप होती...

मग पावलं आली.

पण आज टक नव्हतं. ओल्या फरशीवर उघडं पाऊल पडावं तसा आवाज होता. थप... फर्र. थप... फर्र.

आज तो अनवाणी होता.

काकूंच्या ते लक्षातच आलं नाही. त्या हसत होत्या. पावलं दाराशी थांबली. मावशीने शाल बाजूला केली, बूट काकूंच्या पुढ्यात ठेवले आणि जे होतं ते एका दमात सांगून टाकलं. पोतं, चिठ्ठी नसणं, सातवा खिळा, त्यांचं प्रेम. सगळं.

काकूंनी बूट उचलला. दिव्याजवळ नेऊन उलटा केला. बराच वेळ पाहिला.

"ही त्याची टाच नव्हे," त्या म्हणाल्या. "त्याची बाहेरून झिजते. ही तर कोरी आहे."

टाच खरोखरच कोरी होती. सहा खिळे, सरळ रांगेत. सकाळीच तर तिने ठोकली होती. आज ती घालून कुणी चाललंच नव्हतं.

तिने उठून दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. पायरीवर ओल मात्र होती, एका उघड्या पावलाची, आणि शेजारी फरफटल्याची.

बूट तिने काकूंच्या उंबऱ्याशीच ठेवले. सकाळी टाच झिजलेली दिसली, की काकूंना पटेल, असं तिला वाटलं. पहाटे धावत गेली. टाच कोरीच. रविवारी कोरी. सोमवारी कोरी. आणि पावलं त्या संध्याकाळनंतर पुन्हा कधीच आली नाहीत.

काकूंनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. शेवटपर्यंत त्यांनी मावशीचं तोंड पाहिलं नाही. त्या म्हणायच्या, माझा मुलगा रोज दारापर्यंत येत होता, हिने कुणाकडे तरी चुगली केली आणि त्याला हुसकावलं. सरकारी कागदावर तो आजही पळपुटाच आहे.

मावशीने लग्न केलं नाही. तिने मला हे एकदाच सांगितलं, शेवटच्या आजारपणात.

"तो रोज मला पुरावा आणून देत होता रे," ती म्हणाली. "आणि मी रोज तो जाळत होते."

मी तिची समजूत घालायला लागलो, तर तिने हाताने थांबवलं. तिला ते दुःख होतंच, पण तिला छळणारी गोष्ट दुसरीच होती.

"त्याचे बूट मी उचलून आणले," ती म्हणाली. "एवढ्या थंडीत तो तसाच परत गेला."