मोराखालची खिडकी

हे ऐकून कुणी हसलं तर हसू दे. पण ऋतुजा गेलं वर्षभर उजवा हात ताटाला लावत नाही. डाव्या हातानं चमच्यानं जेवते. तिच्या ऑफिसात सगळ्यांनी पाहिलंय.

आणि हे रात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं. मे महिन्यातला मंगळवार, अडीचचा सुमार. नागपुरात इतवारीच्या मागं विणकरांची एक वस्ती आहे, तिथं. गल्लीचं नाव सांगत नाही. लोक राहतात अजून तिथं.

ऋतुजा एका संस्थेत कामाला. शहरात नि आसपास वस्तीवस्तीतल्या लोकांनी मिळून ज्या भिंती रंगवल्या, त्या फिरून पाहायच्या, फोटो काढायचे, नकाशावर टाकायच्या, हे तिचं काम. सक्करदऱ्याच्या तलावाजवळची भिंत झाली होती. कन्हानची, खाणकामगारांच्या चित्रांची, तीही झाली होती.

ही शेवटची.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कूलरची घरघर तेवढी.

चित्र देखणं होतं. निळ्या भिंतीवर हातमाग, लुगड्यांचे लाल काठ, ओळीनं बसलेल्या बाया. मधोमध मोठा मोर.

तिनं मोबाईल वर धरला...

आणि तिला वास आला.

आधी वाटलं, नाली असेल. मग वाटलं, घूस मेली असेल कुठं. पण हा वास गोडसर होता. सडक्या आंब्यासारखा, घशात जाऊन बसणारा. तिच्या तोंडात पाणी जमलं. ती थुंकली, तरी चव जाईना.

माशा फक्त मोरावर होत्या. बाकी भिंतीवर एकही नाही.

ती जवळ गेली. मोराचं पोट चकाकत होतं. चार महिन्यांपूर्वीचा रंग, वर नागपूरचं ऊन, आणि तरी ओला?

तिनं बोट लावलं.

कोमट. चिकट. पिवळट, तुपासारखं काहीतरी बोटाला आलं. त्यात एक केस होता. लांब, पांढरा.

तिनं हात झटकला. केस सुटेना.

तेवढ्यात भिंतीच्या आतून...

ठक. ठक. ठक.

"हात नको लावू वं पोरी."

मागं शोभाताई उभ्या होत्या. समोरच्या घरातल्या. वस्तीतल्या बायांना जमवून ही भिंत त्यांनीच रंगवून घेतली होती. हातात ऋतुजासाठी पाण्याची बाटली.

"आत कोण आहे, ताई?"

"कोनी नाही. कौशल्याबाईचं घर होय ते. वारली ती."

"मग ठोकतंय कोण?"

शोभाताईंनी बाटली पुढं केली. नकाशात वस्तीचं नाव मोठं येईल का, मोर पुरा दिसेल का, हेच विचारत राहिल्या. आतलं ठोकणं वाढलं, तसा त्यांचा आवाजही वाढला.

मग ऋतुजाच्या ध्यानात आलं. त्यांना ऐकू येत होतं. म्हणूनच त्या मोठ्यानं बोलत होत्या.

"ताई, हा मोर कशावर काढलाय?"

शोभाताईंनी मोराकडे पाहिलं.

"खिडकी होती तिथं. चित्राच्या मधातच येऊन राहिली होती. बाहेरून लावून घेतली, दोन खिळे मारले, वरून पुट्टी."

"आणि कौशल्याबाई?"

"एकटी राहे. भांडखोर. माह्या भिंतीले हात लावू नका म्हने. काम चालू झालं तसं आतून ठोकनं चालू. आमाले वाटलं, राग होय तिचा. आठ दिवस ठोकून राहिली. कोनी गेलं नाही. वास बी येऊन राहिला होता, आमी म्हटलं नाली होय. उद्घाटनाले तर्री-पोहे होते. नाकाले पदर लावून खाल्ले सगळ्यांनी."



"मंग पोलिसांनी दार तोडलं," शोभाताई म्हणाल्या. आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "पन आमचा दोष नाही वं. डॉक्टरनं लिहून देल्लं. आमी पहिला ब्रश मारला, त्याच्या चार दिवस आधीच गेली होती ती. झोपेत."

म्हणजे ते आठ दिवस...

ऋतुजा तिथंच ओकली. वासानं नाही, असं ती सांगते. त्या बाईच्या तोंडावरच्या समाधानानं.

तोंड पुसून तिनं गाडीची किल्ली काढली आणि मोराचं पोट खरवडायला घेतलं. शोभाताई हात धरत होत्या, तिनं झटकून टाकला. पुट्टीचे पापुद्रे निघाले. लाकूड कुजलं होतं, खिळे अलगद सुटले.

तिनं झडप ओढली.

ठोकणं थांबलं.

आत रिकामी खोली. खाट नाही, माग नाही, फिनाईलनं धुतलेली फरशी.

पण झडपेच्या आतल्या बाजूला, हाताची मूठ पोचेल त्या उंचीवर, लाकूड झिजून वाटीएवढा खड्डा पडला होता. खड्डा भरला होता. तेच पिवळट, कोमट.

ऋतुजानं ती भिंत नकाशात घेतली नाही. हाताला साबण झाला, लिंबू झालं, घासलेट झालं. वास गेला नाही. आठवड्यानं शोभाताईंचा फोन आला. खिडकी परत लावली होती आणि त्यावर नवा मोर काढला होता.

"आता आवाज नाही येत," त्या म्हणाल्या. "तू येऊन फोटो काढ."

ऋतुजानं फोन ठेवून दिला.

ती भाड्याच्या घरात वर राहते. खाली घरमालक ईश्वरदास काका, पंचाहत्तरीचे, एकटेच. त्या दुपारपासून ती रोज सकाळी कामावर जाताना काकांचं दार वाजवते. ते करवादतात, "जित्ता हाय मी. जाय तू."

मागच्या सोमवारी काकांनी दार उघडलं, तर डोळे लाल.

"एकदा वाजवलं तर पुरे नं वं. पहाटेपासून काहून ठोकून राहिली?"

"काका... मी आत्ता खाली उतरले."

काकांनी मागं वळून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मागच्या भिंतीकडून येऊन राहिलं होतं. तिकडं तर खिडकीच नाही."

आई रोज म्हणते, खोली सोड, उमरेडला ये. ऋतुजा सोडत नाही.

मी गेले तर काकांचं दार रोज कोण वाजवणार, म्हणते.