तीन किलो वाळू

बाबागाडी घ्यायला आम्ही चौघं गेलो होतो. सूनबाई, तिच्या पोटातलं बाळ, माझी पाच वर्षांची नात मुंगी आणि मी. पाचवा खोटू. तो माझ्या पिशवीत होता.

खोटू म्हणजे वाळू. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे वस्तू पारखल्याशिवाय घ्यायची नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. जन्मलेलं बाळ साधारण तीन किलोचं भरतं, म्हणून जाड कापडाच्या पिशवीत तीन किलो कोरडी वाळू भरली, तोंड शिवलं आणि वर मुंगीचं जुनं झबलं चढवलं. खोटं बाळ म्हणून खोटू, हे नाव मुंगीनंच ठेवलं.

सूनबाईला हलकी गाडी हवी होती, कारण आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. मुलानं कामावरून फोन करून चाकं मोठी बघायला बजावलं होतं. दुकानदाराला दोन सीटांची सगळ्यांत महागडी गाडी गळ्यात मारायची होती. मी आपला प्रत्येक गाडीत खोटूला निजवून ती उंबऱ्यावरून नेत होतो आणि किती दचके बसतात ते बघत होतो.

"काका, बाळ भलतंच शांत आहे तुमचं," दुकानदार म्हणाला.

"आजोबांवर नाही गेलं," सूनबाईनं सांगून टाकलं.

शेवटी निळी गाडी ठरली. एका हातानं घडी होणारी, आणि मागे मुंगीला उभं राहायला फळी असलेली. मुंगी म्हणाली, खोटूला हीच आवडली. आम्ही हसलो.

बाळ यायला दोन महिने होते. तेवढ्यात मुंगीला सराव व्हावा म्हणून मी तिचे धडे सुरू केले. मान सांभाळून उचलायचं. हात सोडण्याआधी ब्रेक लावायचा. बाळाला एकटं ठेवायचं नाही. आणि पहिला नियम, तो मी तिच्याकडून रोज म्हणून घ्यायचो: हे खरं बाळ आहे असंच समजायचं. तिनं ते इतकं मनावर घेतलं की ती गाडीशी वाकून खोटूलाही सांगायची, "तू बाळ आहेस. खरं बाळ." पोटातल्या बाळालाही ऐकू येतं, हे मीच तिला सांगितलं होतं. त्यामुळे संध्याकाळी आईच्या पोटाशी तोंड नेऊन ती त्यालाही दिवसभराच्या गोष्टी सांगे.

रविवारी आम्ही वजन करायचो. शाळेतला जुना ताणकाटा मी दाराच्या चौकटीला टांगला होता. मुंगी स्टुलावर चढून आकडा वाचायची आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलेल्या आलेखाच्या कागदावर टिंब द्यायची.

पहिल्या रविवारी तीन किलो.

दुसऱ्या रविवारी तीन किलो दोनशे. वाळूला ओल धरली असेल, असं मी तिला समजावलं. बाष्प म्हणजे काय तेही सांगितलं. खोटूला दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवला आणि पुन्हा टांगला. काटा तसूभरही मागे आला नाही.

तिसऱ्या रविवारी तीन किलो चारशे. काटा बिघडला म्हणून साखरेचा किलोचा पुडा अडकवून पाहिला. बरोबर एक किलो. मग मुंगीनंच खडे घातले असणार, असं वाटलं. तिला रागावलो नाही. मुलं असं करतात. शिवण पुन्हा लाल दोऱ्यानं घट्ट घातली आणि गाठ माझ्या पद्धतीची मारली.

चौथ्या रविवारी तीन किलो सहाशे. गाठ जशीच्या तशी होती. गाडीचा पट्टा मात्र एका भोकानं सैल केलेला दिसला.

"मी नाही केला," मुंगी म्हणाली. "त्याला घट्ट होत होता."

सोमवारी सूनबाई तपासणीहून आली ती खुर्चीत बसूनच राहिली. पाणी दिलं, तेही तसंच. मग तिनं सांगितलं. बाळाचं वजन तीन आठवड्यांत वाढलेलंच नाही. हालचालही मंदावलीय. आठवडाभर वाट बघायची, नाहीतर दिवस भरायच्या आत बाळाला बाहेर काढावं लागेल, आणि मग जगेलच असं डॉक्टरीण छातीठोकपणे सांगायला तयार नव्हती.

"किती वाढायला हवं होतं?" मी विचारलं.

"आठवड्याला दोनशे ग्रॅम."

मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेत सोडताना मी मुंगीला म्हणालो की आता सराव पुरे, खोटूला ठेवून देऊ. तिनं फाटकाशी माझा हात सोडला. मग म्हणाली, "पण आजोबा, त्याला आता येतं."

"काय येतं?"

"बाळ व्हायला."

मी घरी आलो. दुपारचे दोन वाजले होते. सूनबाई खाटेवर कुशीवर झोपली होती. तिच्या खाटेला लागूनच गाडी होती, ती तिथे कोणी आणली ते मला माहीत नाही. खोलीत भरपूर ऊन होतं. खाली कोणीतरी गालिचा झटकत होतं.

खोटूला उचललं. माझा हात आपोआप मानेखाली गेला. कापड कोमट होतं.

कात्रीनं लाल दोरा कापला आणि वाळू परातीत ओतली. नुसती वाळू. एक खडा नाही. डब्यात भरून ती टांगली आणि डब्याचं वजन वजा केलं.

तीन किलो.

मग रिकामी पिशवी आकड्याला अडकवली. ती कोमेजल्यासारखी लोंबत होती. आरपार उजेड दिसत होता.

काटा सहाशेवर होता.

पिशवी काढून गाडीत ठेवली. गाडी करकरली. मी शेजारी स्टूल ओढून बसलो. दुसरं काय करणार? मला एकच गोष्ट करता येते. शिकवलेलं चुकीचं निघालं, तर मुलाला समोर बसवून, न चिडता, पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

"तू बाळ नाहीस," मी हळू आवाजात म्हणालो. "तू वाळू आहेस. तीन किलो वाळू."

काही झालं नाही.

पुन्हा सांगितलं. ढ मुलाला सांगतो तसं, सावकाश, शब्द सुटे करून. तिसऱ्यांदा. सातव्यांदा. किती वेळा ते मला आठवत नाही.

गाडी पुन्हा करकरली आणि थोडी वर आली.

पिशवी टांगली. काटा शून्यावर.

मागे सूनबाई उठून बसली होती. तिचा हात पोटावर होता आणि डोळ्यांत पाणी. "बाबा, लाथ मारली त्यानं," ती म्हणाली. "केवढ्यांदा."

त्या संध्याकाळी मी वाळू खाली कुंड्यांत टाकली, पिशवी जाळली आणि आलेखाचा कागद फाडला. आठवड्यानं डॉक्टरीण म्हणाली की बाळानं सगळं भरून काढलंय. दिवस भरल्यावर मुलगा झाला. गोरा, गुटगुटीत. परिचारिकेनं वजन सांगितलं तेव्हा माझा मुलगा आनंदानं माझ्या पाया पडला.

बरोबर तीन किलो.

आज तो सहा आठवड्यांचा आहे. दूध व्यवस्थित पितो. डॉक्टरांच्या काट्यावर ठेवला, तीन किलो. त्यांनी काटा बदलून पाहिला, तीन किलो. आता पुढच्या तपासण्या लिहून दिल्यात. घरात कोणी त्यावर बोलत नाही.

तो रडत नाही. मी जवळ गेलो की माझ्या तोंडाकडे बघत राहतो, वर्गात पहिल्या बाकावरचं मूल बघतं तसा. त्या दुपारी मी शिकवत होतो तेव्हा खोलीत ऐकणारे दोघं होते, हे मला फार उशिरा सुचलं.

आता मी त्याच्यासमोर बोलत नाही. शिकवायचं काम मुंगी करते. शाळेतून आली की दप्तर टाकते, ब्रेक लावलाय का बघते आणि गाडीत वाकून सांगत बसते. "तू बाळ आहेस. खरं बाळ." पुन्हा पुन्हा, न कंटाळता.

काल तिनं मला हाक मारली. बाळाचं पाऊल हातात धरून तिनं तळव्यावर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याचा खोलगट ठसा तसाच राहिला. ती मोठ्यानं आकडे म्हणू लागली. ठसा कडेनं हळूहळू ढासळत, भरत गेला.

"अठरा," ती म्हणाली. "आजोबा, परवा वीस लागले होते."